पट्ट्यापाशी कळणारा नियम

२५ सप्टेंबर २००५ रोजी व्हिएन्नाच्या श्वेशाट विमानतळावर सुरक्षा तपासणीत एका ऑस्ट्रियन प्रवाशाला अडवलं गेलं. त्याच्या हातातल्या बॅगेत टेनिसच्या रॅकेट होत्या. या वस्तू विमानात चालत नाहीत, असं त्याला सांगण्यात आलं. तो ऐकेना. रॅकेट घेऊनच तो विमानात जाऊन बसला, तेव्हा सुरक्षा कर्मचारी आत आले आणि त्यांनी त्याला खाली उतरवलं. असे खटके जगभरच्या विमानतळांवर रोज उडतात आणि संध्याकाळपर्यंत विरून जातात. हा माणूस मात्र कोर्टात गेला.

रॅकेट घातक असते की नसते, यावर कोर्टात फारसा खल झालाच नाही. प्रश्न त्याच्याही आधीचा निघाला: रॅकेट नेऊ नये, असं लिहिलंय कुठे? ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर युरोपीय संघाने सगळ्या सदस्य देशांच्या विमानतळांसाठी सामायिक सुरक्षा नियम केले. २००३ मध्ये त्यांच्या अंमलबजावणीसाठी आणखी एक नियमावली आली. निषिद्ध वस्तूंची यादी होती ती या नियमावलीच्या परिशिष्टात, आणि ते परिशिष्ट गोपनीय ठरवलेलं होतं. युरोपीय संघाच्या राजपत्रात ते कधी छापलंच गेलं नाही. कोट्यवधी प्रवाशांनी पाळायचा नियम खुद्द प्रवाशांनाच वाचता येत नव्हता.

ऑस्ट्रियातल्या न्यायाधिकरणाने हा पेच लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. १० मार्च २००९ रोजी तिथल्या मोठ्या पीठाने निर्णय दिला की, जे परिशिष्ट प्रसिद्धच झालेलं नाही ते नागरिकांवर कुठलंही बंधन घालू शकत नाही. नियम पाळायचा तर तो आधी ठाऊक हवा, आणि ठाऊक व्हायचा तर तो छापलेला हवा. निकाल लागेपर्यंत युरोपने जुनी नियमावली रद्द करून नवी आणली होती. तरीही त्या प्रवाशाने विचारलेला प्रश्न आजही तितकाच ताजा आहे.

अमेरिकेत याच सुमाराला असाच एक प्रश्न उलट्या दिशेने सुटला. ४ जुलै २००२ रोजी जॉन गिलमोर हे उद्योजक ओकलंड आणि नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर गेले. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या नागरी हक्कांच्या संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक. देशांतर्गत प्रवासासाठी ओळखपत्र दाखवायला त्यांनी नकार दिला आणि तशी सक्ती करणारा कायदा दाखवा, असं विचारलं. काउंटरवरच्या कोणालाच तो दाखवता येईना. वरून आलेला आदेश आहे, एवढंच उत्तर मिळालं. खटला उभा राहिल्यावर सरकारने सांगितलं की, हा आदेश सुरक्षेच्या दृष्टीने संवेदनशील आहे, तो जाहीर करता येणार नाही. जानेवारी २००६ मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश आपल्यापुरता, बंद दाराआड वाचला आणि निकाल गिलमोर यांच्या विरोधात दिला. ओळखपत्र नको असेल तर अधिक कडक झडतीचा पर्याय प्रवाशापुढे आहे, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. तो आदेश न्यायाधीशांनी वाचला. ज्यांनी तो पाळायचा त्यांनी मात्र वाचलेला नाही.

विमानतळावरची सुरक्षा कडक असावी, याबद्दल फार थोड्या लोकांचं दुमत असेल. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ विमानात गेलेले ३२९ जीव भारत विसरलेला नाही. माणसं जोडे काढतात, पट्टे काढतात, हात पसरून उभी राहतात, आणि बहुतेक जण निमूटपणे हे करतात. त्यांचा संयम सुटतो तो दुसऱ्याच ठिकाणी. गेल्या महिन्यात जी वस्तू चालली ती आज चालत नाही. या रांगेत जे बॅगेतून काढायला लावतात ते शेजारच्या रांगेत आतच ठेवायला सांगतात. का, असं विचारलं तर नियमाकडे बोट दाखवलं जातं, पण नियम कोणी दाखवत नाही.

एक घटना, एक नियम

विमानतळावरचे नियम कोणी एका बैठकीत बसून रचलेले नाहीत. प्रत्येकामागे एक तारीख आहे. २२ डिसेंबर २००१ रोजी पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात रिचर्ड रीड नावाच्या माणसाने बुटात दडवलेली स्फोटकं पेटवण्याचा प्रयत्न केला आणि सहप्रवाशांनी त्याला जखडलं. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटिश पोलिसांनी दोन डझन संशयितांना पकडलं. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन अटलांटिक ओलांडणारी विमानं पाडायची, असा कट होता. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला चाललेल्या विमानात उमर फारुक अब्दुलमुतल्लब याने अंतर्वस्त्रात लपवलेलं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. जोडे, बाटल्या, शरीराचे स्कॅनर असा क्रम त्यातून तयार झाला.

धोका मात्र त्याआधीपासून ठाऊक होता. २९ नोव्हेंबर १९८७ रोजी कोरियन एअरचं विमान पाडून ११५ जणांचा जीव घेणाऱ्या स्फोटात दारूच्या बाटलीतून नेलेलं द्रव स्फोटक होतं. ११ डिसेंबर १९९४ रोजी फिलिपीन एअरलाइन्सच्या विमानात रामझी युसुफने ठेवलेल्या बॉम्बचं द्रव कॉन्टॅक्ट लेन्सच्या बाटलीतून आत आलं होतं. त्यात एका जपानी प्रवाशाचा मृत्यू झाला. तरी पुढची बारा वर्षं पाण्याच्या बाटल्या जगभर सुखाने विमानात जात राहिल्या. मग २००६ च्या ऑगस्टमध्ये, एका रात्रीत, ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशांच्या हातात फक्त एक पारदर्शक पिशवी उरली. पासपोर्ट, पैशाचं पाकीट, अत्यावश्यक औषधं, एवढंच त्यात चालायचं. बाळासाठी दूध नेणाऱ्या आईबापांना ते आधी स्वतः चाखून दाखवावं लागे. वादकांना वाद्यं जवळ ठेवता येईनात.

इथवरचं सगळं समजण्यासारखं आहे. कट उघडकीला आला त्या सकाळी तपशिलात शिरायला कोणाकडे वेळ होता? अडचण सुरू होते नंतर, म्हणजे आणीबाणीतला आदेश हळूहळू कायमचा होऊ लागतो तेव्हा. काही आठवड्यांत अमेरिकेने आणि पाठोपाठ, ६ नोव्हेंबर २००६ पासून, युरोपीय संघाने आज सगळ्यांना पाठ असलेला नियम आणला: बाटली १०० मिलिलिटरपर्यंतची, सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावतील एवढ्या. अमेरिकेत त्याच ऑगस्टपासून सगळ्यांनाच जोडे काढावे लागू लागले. युरोपातल्या बहुतेक विमानतळांवर अशी सरसकट सक्ती कधीच नव्हती. अमेरिकेने ती ८ जुलै २०२५ रोजी उठवली. जवळजवळ एकोणीस वर्षं तोच प्रवासी, तेच जोडे घालून, फ्रँकफर्टला जोड्यांसकट पुढे जायचा आणि शिकागोला अनवाणी.

२००९ च्या नाताळातल्या घटनेनंतर जे झालं ते या साऱ्या प्रकाराचं छोटं प्रात्यक्षिकच म्हणावं लागेल. अमेरिकेकडे येणाऱ्या विमानांसाठी तातडीचा आदेश निघाला. शेवटचा तासभर जागेवरून उठायचं नाही, मांडीवर पांघरूण किंवा उशी ठेवायची नाही, हातातल्या सामानाला हात लावायचा नाही. आदेश विमान कंपन्यांकडे गेला, प्रवाशांकडे नाही. परिणाम असा की एका कंपनीच्या विमानात पांघरुणं गोळा केली जात होती, तर दुसऱ्या कंपनीच्या प्रवाशांना काही वेगळं घडतंय याचा पत्ताही नव्हता. तीन दिवसांत हा आदेश सैल करून बराचसा निर्णय वैमानिकावर सोडण्यात आला. मधल्या काळात प्रवासविषयक लेखन करणाऱ्या दोघांनी आदेशाचा मजकूर जाहीर केला, तर तो कोणी दिला हे शोधण्यासाठी त्यांनाच समन्स गेलं. पुढे ते मागे घेतलं गेलं. ज्या आदेशानुसार प्रवाशांना शेवटचा तासभर जागेवर खिळून बसायचं होतं, तो प्रवाशांना कळणं हीच गळती मानली गेली!

यंत्रामागचा माणूस

एकाच नियमाची अंमलबजावणी दोन ठिकाणी वेगळी का होते, याचं एक कारण क्ष-किरण यंत्राच्या पट्ट्यामागे बसलेल्या माणसात आहे. त्याला दोष देण्याआधी त्याचं काम समजून घेतलं पाहिजे. पडद्यावर नारिंगी, हिरव्या, निळ्या छटांची चित्रं सरकत असतात. सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात, धातू निळे. पुस्तकांचा गठ्ठा, चीज आणि काही स्फोटकं यांची छटा एकमेकींच्या जवळ जाते. हे काम इतकं थकवणारं आहे की, सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ एकाने पडदा पाहू नये, असं बंधन युरोपीय नियमांत घातलेलं आहे. कर्मचारी सावध राहावा म्हणून यंत्र अधूनमधून खोट्या हत्याराची प्रतिमाही खऱ्या बॅगेच्या चित्रात मिसळतं.

जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर ठरावीक वस्तू शोधायची होती. निम्म्या चित्रांत ती वस्तू असली तर सुमारे ७ टक्के वेळा ती नजरेतून सुटली. शंभरात एकाच चित्रात असली तर सुटण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. रेशनचे तांदूळ निवडणाऱ्या बाईला हे सांगावं लागणार नाही: खडे भरपूर असले की नजर तयार असते, पोत्यात एखादाच असला की तो नेमका घासात येतो. विमानतळावर खरा बॉम्ब लाखो बॅगांतही सापडत नाही, पण शॅम्पूची बाटली दर मिनिटाला सापडते. साहजिकच डोळा शॅम्पू शोधण्यात तरबेज होतो. २०१५ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या गुप्त चाचण्यांचा तपशील बातम्यांतून बाहेर आला, तेव्हा ७० पैकी ६७ वेळा नकली स्फोटकं किंवा हत्यारं तपासणीतून पार झाल्याचं उघड झालं. वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या, म्हणजे टीएसएच्या, हंगामी प्रमुखांची बदली झाली.

लायटरचं प्रकरण याच्याशी जोडलेलं आहे. १४ एप्रिल २००५ पासून अमेरिकेत सिगारेट लायटर विमानात नेण्यावर बंदी आली. काडेपेटीला मात्र मर्यादित मुभा होती. टीएसएच्या कर्मचाऱ्यांकडे दिवसाला २२,००० हून अधिक लायटर जमा होऊ लागले. हे लायटर शोधण्यात, काढून घेण्यात आणि त्यांची विल्हेवाट लावण्यात जो वेळ जात होता तो स्फोटकं शोधण्याच्या वेळातून कापला जात होता. टीएसएचे तेव्हाचे प्रमुख किप हॉली यांनी हे उघडपणे मान्य केलं आणि ४ ऑगस्ट २००७ रोजी बंदी उठवली. सुरक्षाप्रमुखाने एखादी बंदी निरुपयोगी आहे असं म्हणून ती मागे घेणं, याला धैर्य लागतं. नियम वाढवणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. काढून टाकणाऱ्याला पुढच्या घटनेचं खापर फुटण्याची भीती असते. २०१३ मध्ये याच संस्थेने सहा सेंटिमीटरपेक्षा लहान पात्याच्या चाकूंना परवानगी देण्याचं जाहीर केलं, तेव्हा विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला आणि तीन महिन्यांत घोषणा मागे घ्यावी लागली. त्यांची भीती खरी होती. बंद केबिनमध्ये चाकूसमोर उभं राहायची वेळ आली असती तर ती त्यांच्यावरच.

सुरक्षा यंत्रणांकडे विसंगतीचं एक समर्थनही आहे, आणि ते हलक्यात घेण्यासारखं नाही. तपासणी दर वेळी सारखीच झाली तर हल्लेखोर तिचा अभ्यास करून पळवाट शोधेल; म्हणून ती थोडी अनिश्चित असलीच पाहिजे. कोणाची झडती घ्यायची, कोणत्या बॅगेवर स्फोटकांचा अंश शोधणारी पट्टी फिरवायची, श्वानपथक कुठल्या दाराशी उभं करायचं, हे आधी कोणाला कळू नये हे योग्यच. पण बॅगेत काय चालेल आणि काय चालणार नाही, ही गोष्ट वेगळी. ती गुपित ठेवल्याने हल्लेखोराचं काही अडत नाही. तो दहा जणांना दहा विमानतळांवर पाठवून माहिती काढू शकतो. अडतं ते वर्षातून एकदा प्रवास करणाऱ्याचं. तपासणीची पद्धत आणि नेण्याच्या वस्तू या दोन गोष्टींची सरमिसळ यंत्रणा वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. टीएसएच्या संकेतस्थळावर वस्तूंची लांबलचक यादी आहे आणि तिच्याखाली एक वाक्य आहे, ज्याचा अर्थ असा: शेवटचा निर्णय जागेवरच्या अधिकाऱ्याचा. अधिकाऱ्याला असा अधिकार हवा, कारण कुठलीही यादी पुरी नसते. पण त्याने दिलेल्या नकाराचं कारण कागदावर यायला हवं, आणि ते प्रवाशाला मिळायला हवं. आज ते बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

नारळ, कृपाण आणि टॅग

भारतात नियम करतो नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो, म्हणजे बीसीएएस. ‘कनिष्क’च्या स्फोटानंतर, १ एप्रिल १९८७ पासून तो स्वतंत्र विभाग झाला. झडती घेतात मुख्यतः केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान. काठमांडूहून आयसी ८१४ चं अपहरण झाल्यानंतर, ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूरपासून त्यांची नेमणूक सुरू झाली. काही छोट्या विमानतळांवर हे काम राज्य पोलिसांकडे असतं. यंत्रं विकत घेतो विमानतळ चालवणारा, आणि केबिन बॅगेचं वजन ठरवते विमान कंपनी. प्रवाशासमोर उभा असलेला जवान या चौघांपैकी एकाचाच माणूस असतो, पण प्रवाशाचे सगळे प्रश्न त्याच्याच अंगावर येतात.

हातातल्या बॅगेला लावलेला टॅग आणि त्यावरचा शिक्का अनेकांना आठवत असेल. शिक्का उमटला नसेल तर थेट विमानाच्या दारातून परत पाठवलं जाई. १ एप्रिल २०१७ पासून मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद, कोलकाता, कोची आणि अहमदाबाद या सात ठिकाणी ही पद्धत बंद झाली. बाकीच्या ठिकाणी ती चालूच होती. मुंबईत टॅगशिवाय विमानात बसलेला माणूस परतीच्या प्रवासात दुसऱ्या शहरातून टॅग न घेता निघाला, तर तो चुकला असं कसं म्हणायचं? तो मुंबईत जे शिकला तेच त्याने केलं.

एका हाती बॅगेचा नियम याहून बोलका आहे. बीसीएएसची मूळ परिपत्रकं २००० सालची. एक बॅग, शिवाय सोबत नेता येतील अशा वस्तूंची यादी: बायकांची पर्स, ओव्हरकोट, पांघरूण, कॅमेरा किंवा दुर्बीण, वाचायचं साहित्य, छत्री किंवा काठी, तान्ह्या बाळाचं खाणं, लॅपटॉप वगैरे. पुढची वीस वर्षं लोक दोन-दोन, तीन-तीन पिशव्या घेऊन जात राहिले आणि कोणी हटकलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये बीसीएएसने तीच जुनी परिपत्रकं दाखवून नियम कसोशीने पाळायला सांगितलं. नियम नवा नव्हता, पण प्रवाशांसाठी तो त्या महिन्यात जन्मला. इतकी वर्षं झोपलेला नियम अचानक जागा करायचा असेल, तर त्याआधी लोकांना नीट बजावायला हवं, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

द्रवांचं पाहा. भारतातल्या देशांतर्गत विमानाला पाण्याची भरलेली बाटली सहसा कोणी अडवत नाही. आंतरराष्ट्रीय विमानाला १०० मिलिलिटरची मर्यादा. पुण्याहून दिल्लीपर्यंत बॅगेत सुखरूप आलेली बाटली दिल्लीत परदेशी विमानाच्या तपासणीत टोपलीत जाते. बाटलीवर पुन्हा अपवाद आहेत औषधांचे आणि बाळाच्या दुधाचे, आणि ते कितपत मानायचे हे बऱ्याचदा समोरच्या माणसावर ठरतं. इन्सुलिन घेणाऱ्याला दर वेळी नव्याने समजावून सांगावं लागतं, ही गैरसोय म्हणून सोडून देण्यासारखी बाब नाही.

नारळाचा प्रश्न मराठी घरांना चांगलाच परिचयाचा. कोल्हापूरहून, शिर्डीहून किंवा कोकणातल्या ग्रामदेवतेकडून निघताना हातात प्रसादाचा नारळ असतोच. नारळ केबिनमध्ये नेता येत नाही. सुकं खोबरं तर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांमध्ये मोडतं, कारण त्यात तेल भरपूर असतं. हे कारण कोणी सांगितलं तर लोकांना पटतंही. पण सांगत कोणी नाही, नुसता नारळ काढून घेतला जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये बीसीएएसने शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे यात्रेच्या गाठोड्यातला, नारळ केबिनमध्ये नेण्याची मुभा दिली. क्ष-किरण, स्फोटकांचा अंश शोधणारं यंत्र आणि प्रत्यक्ष तपासणी, या तिन्हींतून नारळ गेला पाहिजे, आणि ही मुभा २० जानेवारी २०२३ पर्यंतच. २०२४ च्या ऑक्टोबरात ती पुन्हा दिली गेली, २० जानेवारी २०२५ पर्यंत. कोणाला, कशासाठी, कोणत्या अटीवर, कधीपर्यंत, हे चारही मुद्दे या आदेशात होते आणि ते जाहीर होते. विमानतळाच्या नियमात एवढं नेमकेपण क्वचित दिसतं.

कृपाणाबाबतचा आदेशही मापासकट लिहिलेला आहे. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशाला कृपाण नेता येतं. पातं सहा इंचांपर्यंत, एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत. नांदेडच्या हुजूर साहिबला विमानाने येणाऱ्या यात्रेकरूंसाठी हा रोजच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. ४ मार्च २०२२ च्या परिपत्रकात ही सवलत प्रवाशांपुरती ठेवून विमानतळावर काम करणाऱ्यांना मात्र नाकारली होती. शीख संघटनांनी हरकत घेतली आणि आठवडाभरात दुरुस्ती निघाली. नियम छापलेला होता, म्हणून तर त्यातली चूक दिसली आणि सुधारता आली.

परदेशच्या नियमांची झळही मराठी घरांपर्यंत पोहोचते. २०१७ च्या जुलैमध्ये सिडनीतून निघणाऱ्या विमानात स्फोटक ठेवण्याचा कट उघडकीला आला. त्यानंतर ३० जून २०१८ पासून अमेरिकेकडे येणाऱ्या विमानांत ३५० मिलिलिटरहून जास्त भुकटी हातातल्या बॅगेत न ठेवण्याची सूचना लागू झाली. मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेल्या आईच्या बॅगेत काय असतं? सुंठपूड, शतावरी, गोडा मसाला, मेतकूट. लंडनच्या विमानाला हे डबे हातात घेऊन जाता येतं, नेवार्कच्या विमानाला अडवले जाऊ शकतात. आयुष्यात पहिल्यांदा एकटीने विमान चढणाऱ्या, इंग्रजी न समजणाऱ्या त्या बाईला हा फरक मुंबईत पट्ट्यापाशी कळावा, तोही खुणांनी, हे बरोबर नाही. सामान नोंदवण्याच्या काउंटरवर, मराठीत आणि हिंदीत, चित्रासकट एक पाटी लावणं अवघड नाही. तिथे मोठी बॅग अजून हाताशी असते, डबा तिच्यात टाकता येतो. पट्ट्यापाशी आल्यावर ती वेळ निघून गेलेली असते.

दुबई, मार्च २०१७

२१ मार्च २०१७ रोजी अमेरिकेने पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या दहा विमानतळांवरून थेट येणाऱ्या विमानांत स्मार्टफोनपेक्षा मोठी इलेक्ट्रॉनिक उपकरणं केबिनमध्ये आणायला मनाई केली. त्याच दिवशी ब्रिटनने तशीच मनाई केली, पण यादी वेगळी होती. अमेरिकेच्या यादीत दुबई, अबुधाबी आणि दोहा होते. ब्रिटनच्या यादीत हे तिन्ही नव्हते. ब्रिटनने लेबनॉन आणि ट्युनिशिया घेतले होते. अमेरिकेने घेतले नव्हते. दोन्ही सरकारं एकमेकांशी गुप्तचर माहितीची देवाणघेवाण करतात, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही त्या वसंतात मुंबईहून दुबईमार्गे लंडनला जाणारा माणूस मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करत होता आणि त्याच विमानतळावरून न्यूयॉर्कला जाणाऱ्याला तो खालच्या सामानात टाकावा लागत होता.

खालच्या सामानात लॅपटॉप टाकणं सुरक्षितही नव्हतं. लिथियम बॅटरी केबिनमध्ये तापली तर ती कोणाच्या तरी लक्षात येते आणि विझवता येते. मालाच्या कप्प्यात ते शक्य नसतं. अमेरिकेच्याच विमान वाहतूक प्रशासनाने नंतर चाचण्या केल्या. एअरोसोलच्या डब्याशेजारी ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी तापवली तेव्हा स्फोट झाला, आणि मोठी उपकरणं खालच्या सामानात ठेवू नयेत अशी शिफारस त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुढे आली. आधी एक यंत्रणा लॅपटॉप खाली टाका म्हणाली, नंतर दुसरी वर ठेवा म्हणाली, आणि दोन्ही एकाच सरकारच्या. त्याआधीच, जुलैअखेरपर्यंत, दहाही विमानतळांवरची मनाई उठली होती.

नवी यंत्रं, जुनी मर्यादा

शेवटी यंत्रच या गोंधळातून सोडवेल, अशी आशा गेली काही वर्षं होती. रुग्णालयातल्या सीटी स्कॅनसारखं चित्र काढणारे नवे स्कॅनर बॅगेतल्या द्रवाची घनता मोजतात. बाटली किंवा लॅपटॉप बाहेर काढावा लागत नाही. ब्रिटनने मोठ्या विमानतळांसाठी आधी डिसेंबर २०२२ ची, मग जून २०२४ ची मुदत घातली. टीसाइड आणि लंडन सिटी या छोट्या विमानतळांनी २०२३ च्या वसंतातच यंत्रं बसवून १०० मिलिलिटरची मर्यादा दोन लिटरवर नेली. प्रवासी खूश झाले. वर्षभरात ते या सवयीला रुळलेही.

८ जून २०२४ च्या शनिवारी ब्रिटिश सरकारने जाहीर केलं की, रात्रीपासून सहा प्रादेशिक विमानतळांवर १०० मिलिलिटरची मर्यादा पुन्हा लागू होईल. कुठलाही नवा धोका आढळलेला नाही, यंत्रणेत आणखी सुधारणा करायच्या आहेत, एवढंच कारण दिलं गेलं. १ सप्टेंबर २०२४ पासून युरोपीय संघानेही हेच केलं. ज्या विमानतळांनी पुढाकार घेऊन सर्वांआधी महागडी यंत्रं घेतली, त्यांनाच माघार घ्यावी लागली. यंत्रं तीच, बाटल्या त्याच. बदलली ती फक्त परवानगी. २०२५ च्या जुलैमध्ये एका कंपनीच्या एका विशिष्ट मॉडेलला दोन लिटरसाठी पुन्हा मान्यता मिळाली आणि एडिंबरो, बर्मिंगहॅमसारख्या ठिकाणी मर्यादा उठली.

त्यामुळे आता नियम देशावर ठरत नाही, विमानतळावर ठरतो, आणि विमानतळावरही कुठल्या कंपनीचं यंत्र बसवलंय त्यावर ठरतो. एडिंबरोहून दुबईमार्गे मुंबईला येणाऱ्या प्रवाशाने पाऊण लिटरची बाटली हातातल्या बॅगेत ठेवली, तर एडिंबरोत ती चालेल. दुबईत विमान बदलताना पुन्हा तपासणी झाली आणि तिथे जुनी मर्यादा असली, तर ती काढून घेतली जाईल. तिकीट एकच, बॅग एकच, वाटेत तिला कोणी हात लावलेला नाही. तिकीट विकणाऱ्या कंपनीला प्रवाशाचा सगळा मार्ग ठाऊक असतो. वाटेतल्या प्रत्येक विमानतळावर त्या तारखेला कोणती मर्यादा आहे, हे बोर्डिंग पासबरोबर एका ओळीत छापून देता येईल. त्यासाठी विमानतळांनी आपली मर्यादा आणि ती बदलण्याची तारीख विमान कंपन्यांना वेळेवर कळवायला हवी, आणि सरकारांनी ते सक्तीचं करायला हवं.